नापास आईबापांचे मास्तर

तुमच्या आईचा परवा फोन आला. ईराला गणितात आणि कबीरला इंग्रजीत मार्क कमी पडले, घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही, शिकवणी लावून झाली, मोबाइल काढून घेऊन झाला, परत देऊन झाला. आता काय करू, असं तिने विचारलं. मी म्हटलं, "तू स्वतः दहावीच्या पेपरला बस." ती म्हणाली, "आई, मी सीरियसली विचारतेय," आणि तिने फोन ठेवला.

मीही सीरियसलीच सांगत होते. पण हे उत्तर माझं नाही. ते आमच्या मास्तरांचं आहे, आणि मास्तर माहीत नसतील तर ते चेष्टा केल्यासारखंच वाटणार. म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या आईने वाचून दाखवताना मधलं काही गाळू नये. विशेषतः आयांविषयीचं.

मास्तर आमच्याच रस्त्यावर राहायचे, म्हैसूरच्या विजयनगरमध्ये, वळणावरच्या पेरूच्या झाडाच्या घरात. हुणसूर रस्त्यावरच्या एका शाळेत त्यांनी जन्मभर गणित शिकवलं होतं. उंच, काटकुळे, खाली लुंगी आणि वर निळा ब्लेझर. मी एकदा न राहवून विचारलं, तेव्हा म्हणाले, "लुंगी घरासाठी, कोट वर्गासाठी. माझा वर्ग माझ्या घरात आहे. मग मी काय करू, सांगा."

त्यांच्याकडे एक मांजर होतं. त्याचं नाव एक्स. सकाळी सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात ते "एक्स, ए एक्स" करत कुंपणापाशी फिरत. नाव असं का, तर म्हणे, "कुठे आहे ते कधीच माहीत नसतं. रोज शोधावं लागतं."

त्यांचं मराठी म्हैसूरचं. घराणं इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं, त्यामुळे वाक्य मराठीत निघून कानडीत केव्हा पोचलं ते त्यांचं त्यांनाही कळत नसे. कोणी फार बोलायला लागलं की "साकु, साकु", म्हणजे पुरे. कोणी नको तिथे तोंड घातलं की "सुम्ने बसा", म्हणजे उगी गप्प राहा. माझं मराठी पुण्याचं. त्याला ते इस्त्रीचं मराठी म्हणत. "बाई, तुमचं वाक्य ऐकलं की बसायलाच भीती वाटते हो. चुरगळेल."

निवृत्त झाल्यावर मास्तरांकडे शिकवणीसाठी रांग लागली. त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्या मुलांना घरी पाठवलं आणि आईबापांना ठेवून घेतलं. "पोरांना मी चाळीस वर्षं तपासलंय. पोरं ठीक आहेत. बिघाड वर आहे." तेव्हापासून रविवारी सकाळी त्यांच्या पुढच्या खोलीत फक्त पालकांचा वर्ग भरू लागला. कुठल्याशा बंद पडलेल्या शाळेतून त्यांनी लहान मुलांची बाकं विकत आणली होती. त्यावर पोट सुटलेले बाप गुडघे हनुवटीला लावून बसत. खुर्ची मागितली तर मिळत नसे. "तुमचा मुलगा रोज बसतो तसं बसून बघा. मग सांगा मला, त्याचं लक्ष कुठे असतं."

मी कॉलेजात इंग्रजी शिकवत होते हे त्यांना कळलं आणि एका सकाळी ते फाटकात उभे राहिले. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "बाई, माझं इंग्रजी गणिताच्या पुस्तकाएवढंच आहे. फाइंड, प्रूव्ह आणि हेन्स. तुम्ही या." मी गेले. मला वाटलं, आयांना व्याकरण शिकवायचं असेल. मी काळ आणि क्रियापदं यांची छान तयारी करून नेली होती. मास्तर म्हणाले, "ते ठेवा. यांना चुकायला शिकवा."

त्यांची पद्धत अशी, की आईबापांनी घरी मुलांसमोर इंग्रजी बोलायचं, आणि चुकीचंच बोलायचं. बरोबर बोलायला कोणाला येत नव्हतंच, त्यामुळे अवघड काही नव्हतं. अवघड होतं ते पुढचं. मुलाने चूक काढली की रागवायचं नाही, "हो का? मग कसं म्हणायचं?" एवढंच विचारायचं. एका गृहस्थांनी घरी जाऊन मुलीला सुनावलं, "डोन्ट ईट माय हेड." मुलगी हसून हसून लोळली, आणि मग तिने बापाला तासभर बसवून शिकवलं. त्या तासात तिचं स्वतःचं किती व्याकरण पक्कं झालं ते तिला कळलंच नाही. "आईची चूक काढायला मिळाली तर पोरगं जेवणसुद्धा विसरतं," मास्तर म्हणायचे. "एवढा उत्साह फुकट मिळत असताना तुम्ही क्लासवाल्याला पैसे देता."

मला हे सगळं पटलं होतं असं समजू नका. चुकीचं इंग्रजी मुद्दाम बोला, हे सांगताना माझी जीभ टाळ्याला चिकटायची. पण मुलांचे मार्क वाढत होते. आता याला काय करणार?

वर्गात काही वाक्यांना बंदी होती. "पेपर कसा गेला?" याला बंदी. "आमच्या वेळी" ने सुरू होणाऱ्या प्रत्येक वाक्याला बंदी. शेजारच्या मुलाचं नाव घ्यायला बंदी, शेजारी आगीत सापडला असेल तरच सूट. परीक्षेआधी बदामाचं दूध देणाऱ्या आयांना ते विचारत, "लाच देताय? कोणाला? पोराला की गणिताला?" हॉल तिकीट चामुंडीच्या टेकडीवर नेऊन पायाशी ठेवून आणणारे बरेच असतात आमच्याकडे. मास्तर त्यांना गंभीरपणे म्हणत, "देवीला पोर्शन दिलात ना? नाहीतर ती भलत्याच धड्यावर आशीर्वाद द्यायची."

आयांना राग यायचा. एकीने तोंडावर विचारलंच, "मास्तर, तुम्हाला मूल ना बाळ. तुम्हाला काय कळणार आमचं?"

"हौदु," मास्तर म्हणाले. म्हणजे बरोबर आहे. "पण दात काढणाऱ्या डॉक्टरचे दात दुखत असतील तर तुम्ही जाल काय त्याच्याकडे?"

पुण्याहून नोकरीसाठी इथे आलेला एक तरुण बाप होता. त्याने मुलाचं वेळापत्रक करून आणलं होतं, रंगीत, प्लॅस्टिकमध्ये घातलेलं. पहाटेपासून झोपेपर्यंत प्रत्येक पाव तासाला नेमून दिलेलं काम. मला ते मनापासून आवडलं, रंगसंगतीसुद्धा उत्तम होती. मी तसं म्हणालेही. मास्तरांनी ते हातात घेतलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि त्याच्याच गळ्यात सुतळीने अडकवलं. "एक आठवडा तुम्ही पाळा. पोराला सुट्टी." तो हट्टी होता, त्याने पाळलं. तिसऱ्या दिवशी बेळगोळच्या कारखान्यातल्या मीटिंगमध्ये तो साहेबांसमोर घोरला. पुढच्या रविवारी आला तो वेळापत्रकाशिवाय.

पण वर्गाचा खरा दरारा परीक्षेचा होता. नव्या पालकाला आधी गणिताच्या पेपरला बसावं लागे. शंभर मार्कांचा, नववी-दहावीच्या अभ्यासाचा, मास्तरांनी स्वतः काढलेला पेपर. पस्तीसला पास. बहुतेक नापास होत. एक इंजिनिअर पास झाला, तर त्याला त्यांनी दारातूनच परत पाठवलं, "तुम्ही पास. इथे तुमचं काय काम?" नापासांनी तो पेपर घरी नेऊन मुलाला दाखवायचा आणि त्याची सही आणायची. बँकेत मॅनेजर असलेल्या एका बाईंना चार मार्क पडले. त्यांच्या मुलाने सही केली आणि खाली शेरा लिहिला, "बुद्धी आहे, पण लक्ष नाही. मोबाइल कमी वापरावा." बाई रडवेल्या होऊन आल्या. मास्तरांनी शेरा मोठ्याने वाचून विचारलं, "अक्षर कोणाचं आहे?" "माझ्या मुलाचं." "आणि वाक्य कोणाचं?" वाक्य त्यांचंच होतं.

आता मी ज्यासाठी हे लिहायला घेतलं तिथे येते.

त्या वर्षी, दहावीच्या परीक्षेला थोडे महिने उरले असताना, वर्गात शारदाक्का आल्या. मोठ्या रस्त्यावर त्यांचं शिवणाचं दुकान, वर राहायचं घर. नवरा नारायणराव कापड बेतायचा, या काजं-बटणं आणि ब्लाउज बघायच्या. मुलगी चैत्रा दहावीत. वर्गात फळ्यावर गणित सोडवायची तेव्हा बरोबर, परीक्षेत मात्र सफाचट. सहामाहीत नापास, पूर्वपरीक्षेत नापास. शाळेतले शिक्षक म्हणत, निष्काळजी आहे. नारायणराव म्हणत, साकु, पुरे झाली शाळा.

"परीक्षेलाच बसवणार नाही म्हणतात हो," शारदाक्का सांगत होत्या. "नापासाचा शिक्का बसण्यापेक्षा न बसलेली बरी म्हणतात. दुकानात बस म्हणतात. आणि दुकानात तरी काय? मागे लग्नाच्या शेरवानीचं माप तिने लिहून घेतलं. छाती चौतीस. हिने लिहिलं त्रेचाळीस. नवरदेवाचा मामा ती घालून उभा राहिला, तर मास्तर, आत आणखी एक मामा मावला असता."

वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. ते पेरूला मीठ लावत होते. वर्ग चालू असताना त्यांना सारखा कच्चा पेरू लागायचा. त्यांनी शारदाक्कांना फळ्यापाशी बोलावलं आणि तोंडी गणित घेतलं. एरवी आकडे ते कानडीत सांगत, सगळ्यांना समजावेत म्हणून. शारदाक्कांना त्यांनी मराठीत सांगितले, त्यांच्या घरची भाषा म्हणून.

"लिहा. चौऱ्याऐंशी."

शारदाक्कांनी आधी चार काढला. मग हात डावीकडे नेऊन त्याच्या मागे आठ बसवला. चौऱ्याऐंशी.

"त्रेसष्ट."

आधी तीन. मग त्याच्या डावीकडे सहा.

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "ही गाडी रिव्हर्समध्येच चालते काय?" पुन्हा हशा. मास्तरांचा पेरू तोंडाशी थांबला होता.

"शारदाक्का, हे असं लिहायला कोणी शिकवलं?"

"मामंजींनी," त्या लाजून म्हणाल्या. "मामंजी गिऱ्हाइकाच्या अंगावर टेप लावून ओरडायचे, 'बेचाळीस'. बे ऐकलं की दोन काढायचा, चाळीस ऐकलं की मागे चार. त्यांचा शब्द संपायच्या आत खडूने लिहून झालं पाहिजे, नाहीतर टेप पाठीत बसायची. ह्यांनापण तसंच येतं. दुकानात सगळे तसेच लिहितो."

"आणि चैत्रा?"

"तीपण ऐकतच मोठी झाली की. तिचे पाढेसुद्धा मामंजींनीच घेतले. पण शाळेत डावीकडून उजवीकडे लिहायला लावतात ना, तेव्हा ती तसं लिहिते."

मास्तर उठले. त्यांनी पेरू माझ्या हातात दिला, चावलेला, मीठ लावलेला, आणि फळ्यासमोर जाऊन मोठ्याने म्हणाले, "अय्यो! अय्यो देवा! चाळीस वर्षं मी काय झोपा काढल्या?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी चैत्राला बोलावून घेतलं. दोन वेण्या, बोटं दुमडून बसलेली, विचारलं तेवढंच बोलणारी मुलगी. मास्तरांनी इंग्रजीत सांगितलं, "सिक्स्टी-थ्री." तिने बरोबर लिहिलं. कानडीत सांगितलं, तेही बरोबर. मग म्हणाले, "सात नवे?" "त्रेसष्ट." "लिही." हळूहळू लिहिलं तेव्हा बरोबर. मग त्यांनी टेबलावर डस्टर आपटत पाढे विचारायला सुरुवात केली, पटापट, एकामागून एक, ओरडून. चैत्राची उत्तरं एकूण एक बरोबर येत होती आणि वहीवर सगळी उलटी उतरत होती. त्रेसष्टचे छत्तीस. बेचाळीसचे चोवीस. कानावर आधी पडलेला आकडा हाताने आधी लिहून टाकायचा, हे तिने आजोबांच्या दुकानात उचललं होतं. दुसरा आकडा उजव्या बाजूला टाकायचा, हे शाळेने शिकवलं होतं. शांतपणे बसली की ती इंग्रजीत मोजायची. घाबरली की मराठीत.

मी म्हटलं, "पण मास्तर, मराठी तर आम्हीही बोललो जन्मभर. आम्ही कुठे उलटं लिहिलं?"

"तुमच्याकडे शाळेतही त्रेसष्ट आणि घरीही त्रेसष्ट हो. कानाची आणि फळ्याची गाठ लहानपणीच पडते. इथे कानात एक आणि फळ्यावर दुसरं." मग चैत्राकडे वळून ते म्हणाले, "बाळ, तुला गणित येतं. तुला फक्त मराठी जास्त येतं."

मुलगी मान खाली घालून हसली. मी तिला हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

मास्तरांचा इलाज सोपा होता. परीक्षा होईपर्यंत त्या घरात आणि दुकानात एकही आकडा मराठीत उच्चारायचा नाही. पाढे कानडीत, मापं कानडीत, दुधाचा हिशेबसुद्धा कानडीत. कानडीत आधी साठ, मग तीन, लिहिण्याच्या क्रमानेच. चैत्रा तयार, शारदाक्का तयार. राहिले नारायणराव. त्यांना सांगायला मास्तर निघाले आणि साक्षीदार म्हणून मला घेऊन गेले.

दुकानात लग्नसराईची गर्दी. नारायणराव गळ्यात टेप टाकून गिऱ्हाइकाशी अस्खलित कानडीत बोलत होते, आणि माप मात्र मराठीत ओरडत होते. कित्येक पिढ्या म्हैसुरात काढल्या तरी मोजायचं आपल्याच भाषेत. मास्तरांनी सगळं समजावून सांगितलं. नारायणरावांनी कात्री न थांबवता ऐकून घेतलं.

"म्हणजे आमच्या बोलण्यामुळे पोरगी नापास होते, असं म्हणताय?"

"असंच म्हणतोय."

"मास्तर, तुम्ही वडीलधारे आहात. पण ऐका. आमच्या घराण्यात गणितच नाही. आमच्या बापानं मला आठवीत ओळखलं, नि शाळेतून काढून या टेबलाशी उभं केलं. चांगलं केलं त्यांनी, अब्रू राखली माझी. मी हिला दहावीत ओळखलं. मलाच उशीर झाला."

"तिला सगळे पाढे येतात रे, नारायणा!"

"मग ती शेरवानी? तो मामा अजून माझं नाव काढतो लग्नांतून." त्यांनी कापडावर खडूची रेघ ओढली. "आकडे उलटे लिहिते म्हणजे डोकं उलटं, एवढं सोपं आहे ते. तुम्हाला पँट शिवायची असेल तर सांगा. तुमच्या लुंगीकडे बघून मलाच लाज वाटते."

मास्तरांच्या मानेवरची शीर उडायला लागली. मला वाटलं, आता हे टेबलावर चढणार. ते चढले नाहीत, पण जे केलं ते त्याहून वाईट होतं.

"पैज लावतोस?" ते म्हणाले. "रविवारी येऊन माझ्या पेपरला बस. नापास झालास तर मुलीला परीक्षेला बसवायचं आणि घरात आकडे कानडीत. पास झालास, तर तिला उद्या दुकानात बसव. मी तोंड उघडणार नाही."

गिऱ्हाइकंही थांबून ऐकायला लागली होती. दुकानात पाच माणसं ऐकत असताना पैज नाकारणारा बाप मी अजून पाहिलेला नाही. नारायणराव म्हणाले, "आयतु." म्हणजे ठरलं.

परत येताना मी मास्तरांना रस्त्यातच झापलं. दुसऱ्याच्या मुलीचं वर्ष असं पणाला लावतात का? ते निवांत होते. "बाई, जो माणूस स्वतःच सांगतो की मला गणित येत नाही, तो पास होईल काय? बँकेच्या मॅनेजरना चार पडले. याला दहा पडतील, फार तर बारा. सुम्ने चला."

रविवारी नारायणराव इस्त्रीचा शर्ट घालून आले. चैत्राही आली होती, ती बाहेर पायरीवर बसली. मास्तरांनी वर्गाला सुट्टी दिली होती. पेपर कानडीत लिहिलेला. नारायणराव त्या छोट्या बाकावर गुडघे मुडपून बसले, खडूसारखी पेन्सिल धरली आणि कामाला लागले. मी पाहत होते. बीजगणिताकडे त्यांनी नजरही टाकली नाही. गिऱ्हाइक नको असलेला माल बाजूला सारतं तशी ती पानं त्यांनी उलटली. पण क्षेत्रफळ आलं तसे त्यांचे ओठ हलायला लागले. शेकडेवारीला ते एकदा मान हलवून हसले. परीघ काढायच्या गणिताला त्यांनी गळ्यातली टेप शोधली, ती नव्हती, मग वीत लावून कागदाच्या कडेला काहीतरी मोजलं. आकडे मात्र सगळे आपल्याच पद्धतीने लिहिले, आधी एकम, मग डावीकडे दशम.

मास्तरांनी पेपर तपासला आणि बेरजेला माझ्याकडे सरकवला. मी बेरीज केली. पुन्हा केली. मग मास्तरांकडे पाहिलं. अडतीस.

मास्तरांनी पेपर ओढून घेतला आणि पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला लागले. चार मार्क कुठे कापता येतील का ते शोधत होते. मी त्यांच्या कानाशी वाकून इस्त्रीच्या मराठीत म्हटलं, "या गणितात सूत्रच लिहिलेलं नाही. इथे पायऱ्या नाहीत. कापा ना."

"उत्तर बरोबर आहे, बाई."

"शाळेत पायऱ्यांचे कापतात."

"पोरांचेसुद्धा कापले नाहीत मी कधी. उत्तर बरोबर असलं की बरोबर."

"मास्तर, बाहेर ती मुलगी बसली आहे."

"दिसतेय मला," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. इतकी वर्षं लोकांना नापास करत आलेला माणूस, आणि आज एकाला नापास करायची एवढी गरज असताना त्याच्या हाताला ते जमत नव्हतं. त्यांनी लाल पेनाने अडतीस लिहिलं, भोवती गोल काढला आणि ब्लेझरचं बटण लावून उभे राहिले.

"नारायणराव. पास."

नारायणराव बाकावरून निघायच्या खटपटीत होते. ते तसेच अडकून थांबले. "कोण?"

"तुम्ही. पस्तीसला पास. तुम्हाला अडतीस." मास्तरांनी पेपर पुढे केला. "पैज तुम्ही जिंकलात. मुलीला दुकानात न्या. मी काही बोलणार नाही, शब्द दिलाय."

नारायणरावांनी पेपर घेतला. लाल आकडा पाहिला. मग एकेक पान उलटून, बरोबरच्या खुणांवर अंगठा फिरवत गेले, कापडाचा पोत बघावा तसे. बीजगणिताच्या कोऱ्या पानांवरही त्यांनी अंगठा फिरवला.

"हे शिकवलंच नव्हतं मला," ते म्हणाले. "हे आठवीच्या पुढचं आहे काय?"

"हो," मास्तर म्हणाले.

"ते आलं असतं तर?"

मास्तरांनी लाल पेनाला टोपण लावलं.

"मग बापानं माझ्यात काय ओळखलं होतं?" नारायणरावांनी विचारलं. आवाज चढवला नव्हता. मास्तरांनाही विचारलं नव्हतं त्यांनी, समोरच्या फळ्याला विचारल्यासारखं विचारलं. "मी पन्नाशीला आलो, मास्तर. आजवर मी समजत होतो, मला येत नाही म्हणून काढलं."

मास्तरांनी घसा साफ केला आणि पुन्हा शब्दाला जागायला निघाले. "तरी पैज म्हणजे पैज. मुलीला..."

"सुम्ने बसा हो, मास्तर," नारायणराव म्हणाले.

मास्तर बसले. त्यांच्याच वर्गात, त्या छोट्या बाकावर, गुडघे हनुवटीला लावून.

नारायणराव बाहेर गेले. दार उघडंच होतं, मला दोघं दिसत होती. चैत्रा पायरीवरून उठून उभी राहिली. तिचा आवाज जेमतेम ऐकू आला.

"अप्पा, किती पडले?"

"अड..." नारायणराव म्हणाले, आणि थांबले. ओठ नुसतेच हलले. दुकानात येता-जाता सगळ्या जगाशी कानडी बोलणारा तो माणूस, एक आकडा जुळवायला त्याला पायरीवर क्षणभर उभं राहावं लागलं. मग त्याने हवेत बोटाने आधी तीन काढला, त्याच्या उजवीकडे आठ काढला, आणि लेकीकडे पाहत कानडीत, अडखळत म्हणाला,

"मूवत्त... एंटु. मूवत्तेंटु."